जी-पाचवरचं प्यादं

मी एक जुना बुद्धिबळाचा पट आहे. टेबलावर मांडतात तो नव्हे, भिंतीवर टांगतात तो. चार फूट लांब, चार फूट रुंद. माझ्या प्रत्येक घराच्या तळाशी एक खाच आहे आणि त्या खाचांत पत्र्याचे राजे, वजीर, हत्ती, उंट उभे राहतात. जगात कुठे मोठा डाव चालू असला, की त्याची एकेक चाल माझ्यावर लावतात आणि समोर खुर्च्यांवर बसलेली माणसं ती बघून वाद घालतात. मित्रांनो, माझी गोष्ट सांगताना मी थोडी बढाई मारली तर चालवून घ्या. इतकी वर्षं भिंतीवर उंच राहिलं की तेवढं होतंच.

मला घडवलं संभाजी पेंटरनं. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. बुद्धिबळाचं त्याला काही कळत नव्हतं. त्यानं उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात पांढऱ्याऐवजी काळं घर रंगवलं आणि वर कड्याही ठोकल्या. मग मला आडवा फिरवून कड्या दुसऱ्या बाजूला ठोकाव्या लागल्या. पहिल्या कड्यांची भोकं अजून माझ्या अंगावर आहेत. पण एक गोष्ट त्यानं फार शहाणपणानं केली. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर त्यानं एकेक बारीक भोक पाडलं. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नाही. चाळीस वर्षांनी मला त्याचा उपयोग कळला.

आमचं मंडळ नारायण पेठेत, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. पहिल्या दिवसापासून माझ्यावर चाली लावल्या त्या ज्ञानदेव सरांनी. सर शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर कोथरूडला राहायला गेले, तरी दर रविवारी बसनं येत आणि आल्या आल्या ओल्या फडक्यानं मला पुसत. पूर्वी चाली दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून यायच्या. तेव्हा जिन्यातसुद्धा माणसं उभी राहत. "काय सुंदर पट आहे," असं पाहुणे म्हणत आणि मी ते मान वर करून ऐकत असे.

मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. फोनमधलं बुद्धिबळ खेळणारं इंजिन चाल पडायच्या आत कोण जिंकतंय ते आकड्यात सांगून टाकायचं. वादच संपले. म्हणून सरांनी एक नियम केला. मोठ्या डावाच्या दिवशी सगळ्यांचे फोन शंकरपाळ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. एकच फोन बाहेर राहायचा, तो मंडळाच्या चिटणीस नम्रताकडे. नम्रता सरांचीच विद्यार्थिनी, आता एका आयटी कंपनीत होती. फोनच्या वरच्या अर्ध्या पडद्यावर ती कागद चिकटवायची. म्हणजे पट दिसत नसे, आकडाही दिसत नसे. खाली चालींची यादी तेवढी दिसे, आणि ती नम्रता मोठ्यानं वाचे.

गेल्या पावसाळ्यानंतर खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. कार्यकारिणीत ठरलं की मोठा टीव्ही लावायचा आणि मला काढायचं. ठराव नम्रतानंच मांडला. तिचंही चुकलं नव्हतं. माझा रंग उडाला होता, दोन घोडे हरवले होते. सर त्या बैठकीत काही बोलले नाहीत. का बोलले नाहीत, ते फक्त मला माहीत होतं. दिवाळीपासून सरांना मी दिसतच नव्हतो. ते लवकर येत, दार लोटून घेत आणि स्टुलावर चढून बोटांनी माझी घरं मोजत. मोहऱ्याला भोक असलं तर काळा, नसलं तर पांढरा. टीव्हीच्या काचेवर बोटं फिरवून त्यांना काय कळणार होतं? मी गेलो की सरांचं बुद्धिबळही जाणार होतं. हे मला ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं.

माझा शेवटचा रविवार ठरला. त्या दिवशी परदेशात एक मोठी लढत होती. पांढऱ्याकडून युरोपातला एक नामांकित ग्रँडमास्टर, काळ्याकडून आपल्या देशातला तरुण ग्रँडमास्टर. आपल्याला बरोबरीचा अर्धा गुण मिळाला तरी पुष्कळ, असं सगळे म्हणत होते. बऱ्याच दिवसांनी पंचवीस माणसं जमली. पहिल्या ओळीत इंदुबाई होत्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या या बाई मंडळातल्या सगळ्यात जुन्या सभासद, आणि त्यांच्या जिभेला सगळे वचकून असत.

तीन तास डाव अटीतटीचा झाला. वजीर गेले, घोडे गेले. मग नम्रतानं वाचलं, "पांढरं प्यादं मारतं, एच-पाच." सरांनी एच या उभ्या ओळीतल्या पाचव्या घरातलं काळं प्यादं बरोबर काढलं. पण पांढरं प्यादं ठेवताना त्यांचं बोट घसरलं आणि ते शेजारच्या जी-पाचच्या खाचेत बसलं.

मित्रांनो, एका घराचा फरक. पण आता पांढऱ्याची दोन प्यादी लगतच्या उभ्या ओळींत आली. अशी प्यादी एकमेकांना सांभाळत पुढे जातात, त्यांना अडवणं कठीण. खऱ्या डावात मात्र त्या दोघांत एक ओळ रिकामी होती, आणि अशा वेळी चिवट माणूस डाव वाचवू शकतो. हे मी जाणत होतो, पण मी पडलो लाकूड, ओरडणार कशानं?

खोलीवर सुतकी कळा आली. "गेला डाव," कोणीतरी म्हणालं. इंदुबाई म्हणाल्या, "आपला मुलगा हार का मानत नाही? घरी कोणी वाट बघत नाही वाटतं." अठरा चाली गेल्या. त्या सगळ्या राजांच्या आणि हत्तींच्या होत्या, म्हणून चूक कोणाच्या ध्यानात आली नाही. दोघंतिघं चपला शोधू लागले.

तेवढ्यात नम्रतानं वाचलं, "पांढरा राजा, जी-पाच."

सरांचा हात जी-पाचवर गेला आणि थांबला.

"परत सांग," सर म्हणाले.

"राजा जी-पाच, सर."

"अगं, तिथं त्याचंच प्यादं आहे," इंदुबाई म्हणाल्या. "बघून वाचावं, बाई. कंपनीतही असंच वाचतेस का?"

नम्रता गोंधळून यादी पुन्हा पाहू लागली.  सर गप्प राहिले असते तर दोष तिच्यावर जाणार होता आणि त्यांचं गुपित तसंच राहणार होतं. सर वळले.

"ती नीट वाचतेय. ते प्यादं एच-पाचवर हवं. चूक माझी आहे. मला दिवाळीपासून पट दिसत नाही. मी बोटांनी लावतो."

 मग इंदुबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"अहो सर, आम्हांला तरी कुठे दिसला? पंचवीस जण बसलोय. चष्मे धरले तर शंभर डोळे होतात."

लोक हसले. सरही हसले. त्यांनी प्यादं सरकवलं आणि चपला शोधणारे परत खुर्चीवर येऊन बसले. "अरे, हा तर टिकतोय," असं म्हणत पंचवीस माणसं एकदम बोलू लागली. मघाशी जो मूर्ख ठरला होता, तो आता पठ्ठ्या ठरला. पांढऱ्यानं डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. आपला हत्ती मागून शह देत राहिला. सव्वासातला नम्रतानं शेवटची ओळ वाचली, "बरोबरी." सरांनी आमच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही राजे मधल्या घरांत उभे केले. इंदुबाई टाळ्या वाजवत होत्या, आणि त्या कधी टाळ्या वाजवत नसत.

सगळे गेल्यावर नम्रता सरांजवळ बसली. "मला का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

"काय सांगायचं? मला दिसत नाही म्हणून मंडळानं टीव्ही घ्यायचा नाही का?"

नम्रता रडली. सर तिला उगी करत राहिले, आणि मला दोघांसाठीही फार वाईट वाटलं.

मंगळवारी ती स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. तिनं मला कड्यांवरून उतरवलं आणि भिंतीला टेकून ठेवलं. झालं, आता भंगारवाला, असं मी धरून चाललो. पण तिनं त्याच भिंतीत दीड फूट खाली नवे स्क्रू बसवले आणि मला पुन्हा टांगलं. टीव्हीही आला. तो शेजारच्या भिंतीवर आहे, पण मोठ्या डावाच्या दिवशी त्याच्यावर चादर घालतात.

मित्रांनो, जुनी वस्तू काढायची वेळ आली तर जरूर काढा. पण आधी चार दिवस बघा, तिच्याकडे कोणाचा हात जातो. आणि त्या हाताच्या माणसाला एकदा विचारा. तो आपणहून सांगणार नाही.

आता सगळ्यात वरची आठवी ओळसुद्धा सरांच्या हाताला येते. पूर्वी ते ज्या स्टुलावर चढत, ते इंदुबाईंनी पाय ठेवायला घेतलं आहे.