गुरुवारचा वाटा

देवानं सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला खरा, पण तो काही चाकणच्या कंपनीत कामाला नव्हता. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. रविवारी दांडी मारली, तर कंत्राटदार सोमवारी गेटवरूनच परत पाठवतो. नवरा गेल्यावर मी नेवाशाकडचं गाव सोडून निघोज्याला खोली घेतली, तेव्हापासून रविवारच्या एकाही उपासनेला बसले नाही.

चिखलीत एका वर्कशॉपवरच्या हॉलमध्ये आमची ख्रिस्ती मंडळी जमते. अकरा महिन्यांपूर्वी एका गुरुवारी तिथल्या पाळकांना, म्हणजे पास्टरना, गाठून मी माझं रडगाणं गायलं. ते म्हणाले, "ताई, आपण सगळे ख्रिस्ताच्या एकाच शरीराचे अवयव. लांब असलात तरी तुम्ही आमच्यातच आहात." ऐकायला गोड वाटलं. मी म्हटलं, मग झाडलोट तरी करू द्या. त्यांनी किल्ली दिली.

तेव्हापासून दर गुरुवारी मी हॉल झाडते. माणसं मला माहीत नाहीत, त्यांचा कचरा माहीत आहे. तिसऱ्या रांगेत कोणीतरी खोकल्याच्या गोळ्या चघळतं. खिडकीपाशी एक मूल बिस्किटं सांडतं. मी त्या त्या खुर्चीवर बसून त्या त्या माणसासाठी प्रार्थना करते. माझ्यासाठी कोण करत असेल, हा विचार मात्र फार छळायचा. अवयव म्हणे! असलेच तर मी पायाची करंगळी. ठेच लागल्याशिवाय तिची आठवण कोणाला येते? रडू यायचं, मग मी फरशी आणखी जोरात पुसायची.

आणि एका गोष्टीचा भारी राग यायचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, एकच भाकर मोडून सगळे खातात. त्यानंतरच्या गुरुवारी पाहावं, तर टेबलावर पांढऱ्या रुमालाखाली भाकरीचा एक तुकडा तसाच पडलेला. प्रभूच्या नावानं मोडलेली भाकर, आणि या लोकांना ती नीट संपवता येत नाही! कचऱ्यात टाकायला हात धजेना, म्हणून मी ती खिडकीच्या कठड्यावर चिमण्यांसाठी ठेवायची.

गेल्या गुरुवारी तो तुकडा कठड्यावर ठेवून वळते, तर दारात एक म्हातारी धापा टाकत उभी.

"चष्मा ऱ्हायला गं हितं. मी चतुराबाई, प्रभुभोजनाची भाकर मीच भाजते." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तू गुरुवारवाली न्हवं? या खेपेला जरा जाड भाजली, चार दिसांत कडक व्हऊ नये म्हणून. चावली का नीट?"

"मी कुठली खाल्ली, मावशी?"

"अगं, तुझा वाटा! पाळक पयला तुझा तुकडा मोडून ठिवत्यात. 'आपली गुरुवारची बहीण' म्हणत्यात. समदी तुझ्यासाठी प्रार्थना करत्यात, मंगच आमी खातो. तुला सांगितलं न्हाई कुणी?"

नव्हतं सांगितलं. पाळकांना वाटलं असणार मंडळीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, सेक्रेटरींना वाटलं असणार पाळकांनी. अकरा महिने मी एकटी म्हणून रडले होते, आणि त्यांनी घासाला हात लावण्याआधी दर वेळी माझं नाव घेतलं होतं.

"मावशी, मी तो चिमण्यांना घातला. दर महिन्याला."

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "म्हंजी अकरा म्हयने आमी चिमण्यांसंगं जेवलो!"

मला हसू येईना. मी खिडकीकडे धावले. चिमणी भुर्रकन उडाली. तुकडा होता, एक कोपरा तेवढा टोचलेला. मी तो पदरानं पुसला आणि तिथल्याच खुर्चीवर बसून तोंडात टाकला. कडक झाला होता, चावायला वेळ लागत होता. चतुराबाई शेजारी येऊन डोळे मिटून बसली. कोणाच्या शेजारी बसून मी शेवटचा घास कधी खाल्ला होता, ते मला आठवेना, आणि डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"पुढल्या खेपेला मोठा ठिवायला सांगते," ती डोळे न उघडताच म्हणाली. "चिमण्यांची सवय मोडाया नगं."