गोदाचं पुढं काय झालं

कादंबरी शिकवणं म्हणजे काय डोकेफोड असते, ते ज्योत्स्नाला विचारा. निपाणीहून बोरगावकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं पीयू कॉलेज, सेकंड इयरचा, म्हणजे बारावीचा वर्ग, मराठीचा तास आणि समोर सगळ्यांच्या माना खाली. बघणाऱ्याला वाटावं, काय वाचनात बुडालीत पोरं! कसलं वाचन? पुस्तक कुणाकडंच नव्हतं. ग्रंथालयात एकुलती एक प्रत, तिचीही शिवण उसवलेली. माना होत्या त्या बाकाखालच्या मोबाईलात.

"कादंबरीत काय आहे रे?" तिनं एकदा वैतागून विचारलं.

"पाच मार्क, मॅडम," साईराज म्हणाला. सगळा वर्ग खिदळला. ज्योत्स्नालाही हसू फुटलं आणि मग घरी पोचेपर्यंत तिचं डोकं तापत राहिलं.

तिला राग आला की ती काहीतरी करून बसायची. या वेळी तिनं वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. मोबाईल सुटत नाही ना तुमच्या हातचा? मग घ्या, त्यातच घालते कादंबरी! त्या एकुलत्या प्रतीच्या पानांचे फोटो काढून ज्याचा भाग त्याला पाठवायचे. वाचून दाखवायचं नाही, आपणच ते माणूस आहोत असं समजून बोलायचं, आणि रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं. पात्राचं नाव मात्र सांगायचं नाही. कोण बोलतंय ते बाकीच्यांनी ओळखायचं.

आणि काय सांगावं, पोरं खुळ्यासारखी नादाला लागली! कादंबरी याच मुलखातली होती, तिच्यातली माणसं इथल्यासारखीच बोलत होती. तिच्यातला सावकार पोरांनी असा उभा केला की ऐकताना शिव्या द्याव्याशा वाटाव्यात. प्रिन्सिपॉलसाहेबांनी लगेच कॉलेजच्या फेसबुक पानावर वर्गाचा फोटो टाकला, खाली लिहिलं 'डिजिटल साहित्य अध्यापन'. स्वतः त्यांनी एक भागही ऐकला नव्हता, ती गोष्ट वेगळी.

घरी ज्योत्स्नाची आई, तानीबाई, सगळे भाग ऐकायची. उभा जन्म तंबाखूच्या वखारीत गेला, अक्षराशी गाठ कधी पडली नाही. भाकरी थापताना फोन शेजारच्या पाटावर ठेवून बसायची. "ती पोरगी कोण गं?" तिनं एकदा विचारलं. "गोदाचं बोलती ती. काळजाला हात घालती बघ."

ती पूर्णिमा. जवळच्याच खेड्यातल्या मारुतीरावांची मुलगी. तिला गोदा दिली होती, कादंबरीची नायिका. पूर्णिमाच्या मनात एकच होतं, पीयूसी झाली की बेळगावला जायचं, हॉस्टेलला राहून बी. ए. करायचं, आणि मॅडमसारखं शिकवायचं. मारुतीराव 'व्हय' म्हणाले नव्हते, पण 'न्हाय'ही म्हणाले नव्हते. "मार्क पडू देत, बघू," एवढं त्यांच्या तोंडून निघालं होतं आणि ती पोर त्या 'बघू'वर जीव टाकून अभ्यास करत होती.

तिच्याकडं स्वतःचा फोन नव्हता. संध्याकाळी मारुतीराव डेअरीला दूध घालून आले की त्यांचा फोन तासभर तिच्या हाती यायचा. मग गोठ्यामागं उभं राहून ती गोदा व्हायची.

आता त्या फोनवर भावकीचाही ग्रुप होता. अशा ग्रुपवरच्या म्हाताऱ्या माणसांना ना लिहिता येतं ना वाचता. सगळा कारभार आवाजावर. कोण गेलं, कुणाच्या घरी बारसं, कुणाची सुपारी फुटली, सगळं बोलून पाठवायचं आणि घराघरात मोठ्यानं लावायचं. तिथं आवाज आला म्हणजे ती खरीच बातमी, त्यात शंका घ्यायला जागाच नाही.

गोदा घर सोडते तो भाग पूर्णिमाकडं आला. कादंबरीतली गोदा नर्सिंग शिकायला पहाटे घरातून निघते, सोबत तिची विधवा आत्या असते, आणि निघण्याआधी ती झोपलेल्या बापाशी मनातल्या मनात बोलते. पूर्णिमानं रेकॉर्ड केलं आणि पाठवताना सगळ्यात वरच्या ग्रुपवर बोट ठेवलं. रोज त्या वेळी वर्गाचाच ग्रुप वर असायचा. त्या दिवशी नेमकं कुणाच्या तरी वास्तुशांतीचं आवतण आलं होतं आणि भावकीचा ग्रुप वर चढून बसला होता. तिनं पाठवलं, फोन चार्जिंगला लावला आणि डोक्यावर डबा घेऊन गिरणीला दळायला गेली.

"आप्पा, मी जातीया. मला हुडकू नगासा. मी एकली न्हाय, सोबत हाय. हितं ऱ्हायले तर माझं काय हुनार त्ये मला दिसतंया. तुमी निजलाय, तुमास्नी उठवायचं धाडस न्हाय मला. आईला म्हनावं, माझ्या वाटणीची भाकरी टाकू नगंस."

झालं! हे घराघरात वाजलं. गावात, बोरगावात, पार खानापूरकडच्या पाव्हण्यांतही. कुणी निपाणीच्या स्टँडवर गाड्या पळवल्या. मारुतीरावांच्या पुतण्यानं, रविराजनं, लोंढ्याला रेल्वेत असलेल्या मेव्हण्याला फोन लावून सांगितलं, गाडीगाडीत बघ, निळ्या ड्रेसातली पोरगी दिसतीय का. अक्काताईंनी, पूर्णिमाच्या आईनं, कपाळ बडवून घेतलं. आणि हा सगळा बाजार भरलेला असताना पूर्णिमा डोक्यावर गरम पिठाचा डबा घेऊन दारात येऊन उभी राहिली.

सांगा बरं, दळण घेऊन कुठली पोरगी पळून जाते? पण एवढा विचार करायला त्या गर्दीत कुणाचं डोकं ठिकाणावर होतं? "आली, परत आली!" कुणीतरी ओरडलं, आणि तोच शब्द सगळ्यांनी उचलला. ती गिरणीतून घरी आली, असं कुणी म्हणालंच नाही.

आठवडाभर पूर्णिमा वर्गात दिसली नाही. मारुतीरावांचा नंबर वर्गाच्या ग्रुपमधून बाहेर पडलेला. साईराजकडून ज्योत्स्नाला सगळं कळलं. नाव सांगू नका, हा नियम तिचाच. तिनं ग्रंथालयातून प्रत उचलली आणि स्कूटी काढली.

सोप्यात माणसं बसलेलीच होती. मारुतीराव, रविराज, आणि मारुतीरावांचे थोरले बंधू भावकू आण्णा, ज्यांच्या शब्दाबाहेर घर नव्हतं. चहा आला. बाकीच्यांना कपबशीतून, ज्योत्स्नाला कागदी कपातून. तिनं ते पाहिलं, गिळलं, आणि चहाही प्याली. आज भांडायला आलेली नव्हती ती.

"हे बघा," तिनं पान उघडलं. "तुम्ही ऐकलंत ते हे. छापलेलं आहे."

तिनं वाचायला घेतलं. 'आप्पा, मी जातीया'पासून. तिनं मुद्दाम पुढचंही वाचलं, आत्या दाराशी बोचकं घेऊन उभी आहे, कुत्रं भुंकत नाही, कारण त्याला दोघींचा वास ओळखीचा आहे. भावकू आण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. आतल्या दाराशी अक्काताई येऊन उभ्या होत्या, त्यांच्या मागं पूर्णिमा.

"मग फुडं काय झालं वो त्या लेकराचं?" अक्काताईंनी विचारलं.

"पूर्णिमाला कॉलेजला पाठवा," ज्योत्स्ना म्हणाली. "तीच येऊन सांगेल तुम्हाला."

अक्काताईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

"मॅडम, मला पटलं," मारुतीराव म्हणाले. "माझी पोरगी मला ठावं न्हाय व्हय? पर मला पटून काय उपेग? समद्यांच्या फोनात तिचा आवाज जाऊन बसलाय. पुस्तक छापलेलं असंल, आवाज तर हिचाच हाय न्हवं? दारोदार जाऊन वाचून दावू का आता?"

"दारोदार कशाला? मी बोलते त्याच ग्रुपवर. द्या फोन."

मारुतीरावांचा चेहरा जरा उजळला. त्यांनी फोन दिला. ज्योत्स्नानं सगळं नीट सांगितलं, मी पूर्णिमाची मराठीची शिक्षिका, ज्योत्स्ना कांबळे, हा कादंबरीतला पाठ होता, चूक झाली ती माझ्या पद्धतीमुळं, मुलगी हुशार आहे, तिला शिकू द्या. पाठवलं. सगळे त्या फोनकडं बघत बसले. पलीकडं घराघरात माणसं ऐकत असणार. ज्योत्स्नाला वाटलं, सुटली पोर.

मग एक आवाज आला. कुणी म्हातारा, घोगरा. रविराजनं मोठ्यानं लावला.

"मारुती, ह्या बाई कुनाच्यातल्या म्हनायच्या रं?"

बास. एवढंच. त्या वाचनावर, त्या आत्यावर, त्या कुत्र्यावर, सगळ्यावर पाणी पडलं. मारुतीरावांनी फोन उपडा ठेवला. एवढ्यात मागून आलेला दुसरा आवाज आपोआप वाजला, तिसरा वाजला, उपड्या फोनातूनही ऐकू येत होतं. बाईनंच फूस लावली असंल. त्यांच्यात चालत असंल तसलं. आपल्या पोरी का धाडायच्या असल्याकडं?

ज्योत्स्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. "सांगा की त्यांना," ती उभी राहत म्हणाली, "निपाणीच्या तानीबाई कांबळेची लेक. तुमच्या तंबाखूत जिचा जन्म गेला, तिची. अजून काय ऐकायचंय?"

"बाई, तुमी आता निघा," भावकू आण्णा म्हणाले. रागानं नाही, थकल्या आवाजात. मघाशी पुसलेले डोळे अजून ओले होते त्यांचे.

निघताना पूर्णिमानं फक्त एवढंच म्हटलं, "मॅडम, हात माझाच चुकला. तुमी कशाला आलासा?" ज्योत्स्ना आली नसती तर कदाचित महिन्या-दोन महिन्यांत सगळं निवलं असतं. हे तिला स्कूटी चालवताना कळलं.

दुसऱ्या दिवशी भावकी कॉलेजवर आली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरळ हात वर केले. "मला विचारून काही केलेलं नाही हो यांनी," म्हणाले. दुपारपर्यंत कॉलेजच्या पानावरचा तो फोटो गायब, आणि फळ्यावर नोटीस: वर्गात मोबाईल बंद, कादंबरी गाईडमधून शिकवावी.

पूर्णिमाचं लग्न ठरलं. घाईघाईत, पाव्हणे मिळाले तसे. ज्योत्स्नानं कुणाकुणाला विचारून पाहिलं, कायद्यानं काही अडवता येतं का. पण पोरीला नागपंचमीला अठरा पूर्ण झालेली, आणि विचारलं तर ती स्वतःच 'माझी खुशी हाय' म्हणणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या टेबलावर पत्रिका आली, ज्योत्स्नाचं टेबल सोडून. लग्न तिनं साईराजच्या स्टेटसवर पाहिलं. पूर्णिमा खाली बघत होती. तिचं हॉलतिकीट ऑफिसातच पडून राहिलं.

परीक्षा संपली. एका रविवारी दुपारी तानीबाई लसूण सोलत बसली होती आणि ज्योत्स्ना पेपर तपासत होती. फोनवर अनोळखी नंबरवरून आवाज आला. तिनं लावला. मागं भांड्यांचा आवाज, आणि कुजबुजल्यासारखं बोलणं.

"मॅडम, मी पूर्णिमा. फोन ह्यांचा हाय, जेवून निजल्यात. मॅडम, गोदाचं फुडं काय झालं वो? माझ्याकडं तेवढीच पानं हुती. पोचली का ती? आई पन इचारती सारखी. लिवून धाडा. बोलू नगासा. वाचून लगेच पुसते मी."

तानीबाईच्या हातातला लसूण तसाच राहिला. "तीच न्हवं गं ही? गोदाची?" ती म्हणाली. "आवाज बसला की पोरीचा."

ज्योत्स्नानं घाईनं लिहायला घेतलं. 'गोदा पोचली. तिला प्रवेश मिळाला.' अजून पाठवायचंच होतं, एवढ्यात वरचा पूर्णिमाचा आवाज नाहीसा झाला. 'हा मेसेज डिलीट करण्यात आला.' पलीकडं कुणीतरी ऑनलाईन होतंच. दिसत होतं.

कोण? पूर्णिमानंच सावधपणानं पुसलं, की निजलेला माणूस जागा झाला? फोन आता कुणाच्या हातात आहे? ज्योत्स्नाचा अंगठा पाठवायच्या खुणेपाशीच थांबला.

"अगं, सांग की तिला," तानीबाई म्हणाली. "गोदा पोचली म्हनावं. दोन शब्दाला काय हुतंय?"

ज्योत्स्नानं आईकडं पाहिलं. मग फोनकडं. आणि लिहिलेलं एकेक अक्षर मागं मागं पुसत गेली.

"नको, आई," ती म्हणाली. "तिथं दुसरंच कुणी असलं तर?"

पलीकडचं माणूस बराच वेळ ऑनलाईन दिसत होतं. मग तेही गेलं.