पायातली नाडी

पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या शिरेच्या जरा बाहेर, तीन बोटं हलकी ठेवायची. दाबायचं नाही. दाबलं तर खालची धमनी मिटते आणि आपल्याच बोटांतले ठोके आपल्याला लागू लागतात. म्हणून दुसरा हात रोग्याच्या मनगटावर ठेवायचा आणि दोन्हीकडचे ठोके एकाच वेळी पडतात का ते पाहायचं. डॉक्टर लोटलीकरांनी मला हे १९४२च्या पावसाळ्यात शिकवलं.

मी मुंबईला त्यांच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होते. मधुमेहाच्या रोग्यांची लघवी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळायची आणि रंग हिरवा झाला, पिवळा झाला की विटकरी, ते लिहायचं, हे माझं काम. त्या वर्षी डॉक्टरांनी ठरवलं की पाय दुखत असो वा नसो, मधुमेहाच्या प्रत्येक रोग्याची पावलं तपासायची. पाय काळा पडून आलेल्या माणसाला कापण्यापलीकडे काही देता येत नव्हतं. पायात रक्त कमी पोचतंय हे आधी कळलं, तर निदान जखम टाळता येईल, एवढीच आशा. बायका पुरुषासमोर पाय पुढे करत नसत, म्हणून त्यांचे पाय माझ्याकडे आले. दर गुरुवारी वीस-बावीस.

बा, म्हणजे माझे वडील गॅब्रियल, भाईंदरच्या मिठागरावर मुकादम होता. सप्टेंबरात मी घरी गेले तेव्हा तो तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता. त्याच्या लघवीची बाटली मी सोबत नेली. द्रावण विटकरी झालं, म्हणजे साखर सगळ्यात जास्त.

डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितला, ताडी बंद केली, इन्सुलिनची सुई दिली. सुई उकळून टोचायचं काम रीटाआतेनं घेतलं. ती बाची बहीण. आय गेल्यापासून घर तिच्याकडे होतं. पण मला काळजी होती ती पायांची. पावसानंतर मिठागर पुन्हा उभं करताना वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. माणसं ओळीनं उभी राहतात आणि खाऱ्या चिखलात दिवसभर तुडवतात. बा मुकादम असला तरी ओळीत पहिला उभा राहायचा.

"अनवाणी जायचं नाही," मी म्हटलं.

"बूट घालून वाफा तुडवू? मानसं हसतील मना."

"तुझ्या पायात रक्त नीट पोचत नसेल तर?"

"पोचतं का न्हाय ते तुना कळतं ना? मग तू बघ. न्हाय म्हनशील त्या दिवशी मिठागर बंद. सायबाची आन."

तो मिठागराच्या मालकाला साहेब म्हणत असे, आणि त्याची शपथ फुकट खात नसे. असं ते माझ्या शब्दावर आलं.

एक रविवार सोडून एक रविवार देवळात मिसा झाल्यावर मी त्याचे पाय मांडीवर घ्यायची. बा खाटेवर बसून जाळं विणत असायचा. मनगट मागितलं की म्हणायचा, "हात मोकळा न्हाय गो. आजार पायात, नि तू हात काय धरतेस?"

"दोन्ही लागतात, बा."

"मग इस्पितळात धर. हितं पाय घे नि गप बस."

आते चुलीपाशी हसायची. मीही हसायची. पाय घ्यायची. तळवे जाड, भेगाळलेले, गार. मिठागरातल्या माणसाचा पाय बधिर असतो, हे आमच्याकडे गुणातच धरतात. कालवाचं शिंपलं रुतलं तरी ज्याला कळत नाही तो खरा गडी. गारपणा खाऱ्या पाण्याचा असेल असं मी धरलं. कातडी जाड, म्हणून बोटं जरा दाबावी लागायची. दाबली की ठोके लागायचे. स्पष्ट, एकसारखे. मी वहीत तारीख घालून लिहायची, 'आहे'. नोव्हेंबरपासून अकरा वेळा लिहिलं.

इस्पितळात एकाही बाईचा पाय मी एका हाताने तपासला नव्हता.

त्या वर्षी ईस्टर एप्रिलच्या अखेरीला आलं. आधीच्या गुरुवारी फादर वेदीपुढे बारा पुरुषांचे पाय धुतात, प्रभूनं आपल्या बारा प्रेषितांचे धुतले होते तसे. उजवाच पाय धुतात. बारांत बाचं नाव होतं. त्याला भेगांची लाज वाटू लागली. फादरनी खाली वाकून असली टाच हातात घ्यायची? म्हणून सोमवारी आतेनं बिब्बा आणला, सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं उकळतं तेल टाचेच्या भेगांत भरलं. आमच्याकडे भेगांना सगळे हेच करतात.

गुरुवारी मी रजा घेऊन आले तेव्हा आतेनं कौतुकानं सांगितलं, "हूं न्हाय का चूं न्हाय केला गो तुझ्या बानं! बाजूच्या धर्माला लावला तं तो खाटेवर नाचला व्हता. ह्यो बसला जाळा विणत."

मग देवळात बारा जण बाकावर बसले होते, उजवे पाय उघडे करून. फादर एकेकापुढे गुडघे टेकत होते. बाच्या पायावर पाणी पडलं, त्यांनी तो पुसला, वाकून ओठ लावले. मला मागून टाचेवरचा काळा डाग दिसला. बिब्ब्याचा डाग काळाच पडतो, असं मी स्वतःला सांगितलं.

घरी येऊन मी खोबरेल लावून तो डाग पुसला. गेला नाही. कडेनं निळसर रेघ होती आणि मधली कातडी आत बसली होती. नखानं दाबून पाहिलं. बा छताकडे बघत होता.

"दुखतं?"

"काय?"

मी पावलावर तीन बोटं ठेवली. ठोके होते. जोरात होते. बा उपासानं थकला होता; आज जाळं नव्हतं, हात खाटेवर मोकळा पडला होता. मी दुसरा हात त्याच्या मनगटावर ठेवला.

मनगटावर ठोके सावकाश पडत होते. पायावर भराभर. घड्याळ समोर ठेवून मोजले. मनगटावर बहात्तर, पायावर शंभराला चार कमी. मग मनगट सोडून ती बोटं मी माझ्या गळ्याशी नेली. शंभराला चार कमी.

बोटं हलकी केली. पायावर काही नव्हतं. घोट्यामागे नव्हतं. डाव्या पायावर अगदी बारीक, मनगटाबरोबर पडणारे ठोके होते. ते खरे होते. दोन्ही पाय वर धरायला सांगितले. एका मिनिटात उजवा पाय मेणबत्तीसारखा पांढरा झाला. खाली सोडल्यावर रंग यायला पन्नास सेकंद लागले. दहा-बारा लागायला हवेत.

"हाय?" बानं विचारलं.

"न्हाय, बा."

"आज गेली नाडी?"

"आधीपासून नसावी. मी चुकले."

तो उठून बसला. "मग आजवर वाजत व्हती ती कोनाची?"

"माझी."

त्यानं माझ्या गळ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तुझी बरी हाय ना? इतकी घाईत कशाला वाजते?"

पुढच्या आठवड्यात काळेपणा करंगळीपर्यंत आला. डॉक्टर लोटलीकरांनी गुडघ्याच्या वरून कापायचं ठरवलं. खाली कापलं तर जखम भरायला रक्तच नव्हतं. माझी वही मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी अकराही नोंदी वाचल्या.

"नोव्हेंबरात तू 'नाही' असं लिहिलं असतंस, तर मी काय दिलं असतं, फ्लोरिन?"

"बूट. आणि मिठागर बंद."

"तेवढंच," ते म्हणाले. ते त्यांनी मला धीर देण्यासाठी म्हटलं असावं. वही मिटून त्यांनी परत दिली.

कापलेला पाय आतेनं फडक्यात बांधून आणला आणि आमच्या लोकांनी तो देवळामागे आयच्या शेजारी पुरला. बाची जखम भरायला जुलै उजाडला. तो घरी आला, भिंतीला टेकून खाटेवर बसू लागला. जाळं हातात घेतलं नाही.

डाव्या पायावर दर रविवारी तपासणी सुरू राहिली. आता मनगट मागावं लागत नसे. मी खाली बसले की तो स्वतःच हात पुढे करायचा, तळवा वर करून, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. जुलैत ठोके होते. ऑगस्टमध्ये चार-चार मिनिटं शोधावे लागले. गणपतीच्या दिवसांतल्या एका रविवारी मी घोट्यापासून बोटांपर्यंत तीनदा शोधलं. मनगटावर चौऱ्याहत्तर पडत होते.

"हाय?"

खोटं बोलता आलं असतं. अकरा वेळा ते न कळता बोलून झालं होतं.

"न्हाय, बा."

त्यानं मान हलवली. हात मागे घेतला आणि चादर पायावर ओढली.

"मग उद्यापासून मिठागर बंद," तो म्हणाला. "सायबाला सांग."

चुलीपाशी आते हसली आणि मध्येच थांबली. मी वही उघडली, तारीख घातली, आणि पुढे लिहिलं, 'नाही'.