न विरघळणारी गोळी

मित्रांनो, मला सगळे डुबक्या म्हणतात, कारण उभा जन्म मी डुबक्या मारण्यातच घालवला. जीवनसत्त्वांच्या आणि लोहाच्या गोळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तपासणीचं जुनं यंत्र आहे. काचेच्या नळ्यांत गोळ्या घालायच्या आणि कोमट पाण्यात त्या खालीवर करायच्या, एवढंच माझं काम. वेळेत विरघळली ती गोळी चांगली. न विरघळणारी गोळी पोटात जाऊन काय उपयोगाची?

तपासणीच्या ताई मला रोज पुसायच्या. थोरले मालक पाहुण्यांना सांगायचे, "आमच्याकडे तोंडावर खरं बोलणारा हा एकटाच!"

थोरले गेले. धाकट्या मालकांनी स्वस्तातला कच्चा माल आणला. गोळी तशीच लाल, चकचकीत. बाटलीवरचा मजकूरही तोच. पण माझ्या नळीत ती गोटीसारखी खडखडत राहिली. डुबक्या मारून मारून मी दमलो, ती काही विरघळेना.

"हा माल बाहेर पाठवू नका," ताई म्हणाल्या.

"अहो, लोह आहे ना त्यात?" धाकटे मालक म्हणाले. " मग झालं तर! यंत्रच म्हातारं झालंय. टाका अडगळीत."

झाडू-बादल्यांशेजारी माझी रवानगी झाली. ताईंना बाटल्या भरायला बसवलं. मला आता निवांत झोप लागायला हवी होती. पण भिंतीपलीकडे त्या बाटल्यांचा खळखळाट दिवसभर चालायचा, आणि माझा जीव तुटायचा.

मग एके दिवशी धाकटे मालक ताईंना घेऊन अडगळीत आले. चेहरा पार उतरलेला.

"आई आपलीच गोळी घेत होती," ते म्हणाले. "घरची म्हणून, विश्वासाने. रक्त वाढेना, जिना चढवेना. पोट दुखायला लागलं म्हणून एक्स-रे काढला, तर पोटात गोळ्या जशाच्या तशा! डॉक्टर विचारतात, आजी खडे खातात का?"

ताई फडकं ओलं करून माझ्या नळ्या पुसू लागल्या.

बाजारातला माल परत मागवला. पण लोकांनी खाल्लेला कसा परत येणार? आजी आता बऱ्या आहेत, मात्र जिन्यात अजून मध्येच टेकतात.

मी पुन्हा कामाला लागलोय. सांधे करकरतात, मोटर तापते. मित्रांनो, दोन बाटल्या सारख्या दिसल्या म्हणून त्या सारख्याच गुणाच्या, असं धरून चालू नका. डॉक्टरांना विचारा, गोळी नीट तपासलेली आहे का ते पाहा. आणि कुणी नकोसं खरं सांगितलं, तर त्याला अडगळीत टाकू नका.

हल्ली धाकटे मालक स्वतः माझ्यासमोर उभे राहतात. शेवटचा कण विरघळेपर्यंत हलत नाहीत.