माळ्यावरची विळी

साईनाथने दोन चमच्यांमध्ये गोळी दाबून कुस्करली, पूड आईच्या चहात ढवळली आणि वळला. यमुनाबाई दारातच उभ्या होत्या.

"पूड नको. अख्खी दे. हातात."

"कसली गोळी, आई?"

"खोटं बोलणं तुला कधी जमलं न्हाई. तुझ्या बापाला जमायचं."

हडपसरचं रान टॉवरखाली गेलं, पाठोपाठ नवरा मच्छिंद्रही गेले, तेव्हा यमुनाबाईंनी जेवण, झोप, बोलणं सगळंच सोडलं. डॉक्टरांच्या गोळ्या त्या थुंकून टाकत. मग साईनाथने चहाची युक्ती काढली आणि धास्तीने विळीही माळ्यावर टाकली. गुण आला, हे खरं. पण तेव्हापासून बाई स्वतःच्याच घरात पाहुणीसारख्या सोफ्यावर बसून असत.

"काल सुनीती डॉक्टरांकडं जाऊन आले. एकटी, रिक्षानं."

"एकटी? मला सांगायचंस तरी!"

"तू मला सांगितलं हुतंस?"

साईनाथ चमचा पुसत राहिला.

"बाईनं इचारलं, दिवसभर काय करता? म्हनलं, बसते. कुनी तरी मला इचारलं बघ, नाहीतर सगळे तुलाच इचारत्यात. गोळी चालूच ठेवा म्हनली. पर हाताला काम बी पायजे. उद्यापास्नं माझ्या मैतरणीच्या, राधाच्या मळ्यात खुरपायला जानार हाय."

"दुसऱ्याच्या रानात? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी माझी झोप आनून दिली का? आन् आता ती विळी काढ."

"विळी नको, आई. मला भीती वाटते गं."

"मला बी वाटायची. आता न्हाई. परत वाटली तर पयलं तुला सांगंन. पर भाजी मीच चिरनार."

साईनाथ स्टुलावर चढला आणि त्याने माळ्यावरून विळी खाली काढली.

यमुनाबाईंनी त्याच्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून घेतलं, गोळी जिभेवर ठेवली आणि वर घटाघटा पाणी प्यायल्या. त्याने केलेला चहा बेसिनमध्ये ओतला. आलं ठेचून नवा टाकला, एक कप त्याच्यापुढे ठेवला आणि दोडके घेऊन विळीवर बसल्या.

साईनाथने कप उचलला आणि नकळत आत डोकावून पाहिलं.

"पी की," दोडक्याच्या शिरा काढत त्या म्हणाल्या. "कडू न्हाई. कडू तुझा असायचा. पयल्या दिवसापास्नं कळत हुतं, तरी पीत हुते."