हाराखाली गुदमरलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. दिसायला चपटी, हाताला जड, आणि कामाला लागले की थोडी कुरकुरणारी. खालापूरजवळच्या एका गावात, जयवंताभाऊंच्या घरी, टीव्हीशेजारच्या काळ्या पेटीत, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या छोट्या संगणकात, मी राहायचे. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ माझ्या पोटात. साजगावच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या ऋतिकने आपल्या वडिलांच्या, म्हणजे भाऊंच्या, खळ्यावरच्या गप्पाही माझ्यात साठवल्या होत्या. पुढे घशाचं ऑपरेशन झालं आणि भाऊंचा आवाज कायमचा गेला. उरला तो फक्त माझ्याकडे.

खंडेनवमीला भाऊंच्या पत्नी छायाकाकूंनी कोयता, पाण्याचा पंप आणि आमची पेटी पुसून हळदकुंकू वाहिलं. वर झेंडूचा घसघशीत हार घातला, तोही नेमका हवेच्या जाळीवर! मानपान मिळाल्याने मी फुलून गेले. पेटी मात्र तापून बंद पडली. माझा जीव वाचला.

ऋतिकने नवी पेटी आणली. ती मला ओळखच देईना. तिच्या कंपनीच्या यादीत माझं नाव नव्हतं. पडद्यावर आलं, ही डिस्क चालणार नाही, दुसरी लावा.

"म्हंजे यांचा आवाज गेला का रं? माज्या हारानं?" काकूंचे डोळे भरले. भाऊंनी हातानेच 'असू दे' म्हटलं.

"नाय गं आये, थांब जरा."

अशा पेट्या वापरणाऱ्या काही हौशी माणसांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे पेटीला द्यायच्या सूचना, लिहून सर्वांना फुकट दिली होती. माझ्यासारख्यांची नावं ती यादीत घालते. ऋतिकने ती आधी रिकाम्या डिस्कवर करून पाहिली, मग माझ्यावर. मी कुरकुरले, फिरले, आणि घरात आवाज घुमला,

"छाये, च्या ठेव गं!"

"ठेवते वो," म्हणत काकू सवयीने उठल्याही. चुलीपाशी पोचल्यावर त्यांना कळलं. भाऊ आवाज न करता पोट धरून हसत होते, आणि डोळे पुसत होते.

त्या स्क्रिप्टवाल्यांनी मला कधी पाहिलं नाही. खालापूर कुठे आहे हेही त्यांना ठाऊक नसेल. त्यांचे उपकार मी कशी विसरू? मित्रांनो, जुनं म्हणून आम्हाला फेकू नका, पण एकट्या माझ्यावर विसंबूही नका. ऋतिकने आता दुसऱ्या डिस्कवर नक्कल ठेवली आहे. या वर्षी खंडेनवमीला हार आला, तो पेटीसमोर पाटावर. आणि चहाची वेळ झाली की भाऊ स्वतःच बटण दाबतात.