दिवाणखान्यातला धबधबा

दिवाणखान्यात सोफ्याच्या वर आईचा एक मोठा फोटो टांगलेला होता. आई दोन्ही हात पसरून उभी, मागे शेवाळलेला काळा कडा आणि त्यावरून कोसळणारं पांढरंशुभ्र पाणी. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, "वा, काय धबधबा आहे!" आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला नमुना स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघू लागायचा. कारण तो धबधबा नव्हताच. ती राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाजवळची पाण्याची टाकी होती, आणि ती भरून वाहत होती.

नमुना हे त्याचं दुकानातलं नाव. गाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर आडवं व्हायचं, डोळे मिटायचे आणि चेहऱ्यावर सुख आणायचं, ही त्याची नोकरी. काम तो इतकं मन लावून करायचा की एकदा एका गिऱ्हाइकाने गादीसोबत त्यालाही पॅक करायला सांगितलं होतं. आईने ते ऐकलं आणि घरातही तेच नाव लागू केलं.

तीन वर्षांपूर्वी आईच्या मनात आलं की डोंगरातला मोठा धबधबा चालत जाऊन बघायचा. तिने तयारीला म्हणून रोज इमारतीचे जिने चढायला सुरुवात केली. वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. शेजाऱ्यांना वाटायचं, बाई सारखं घरी काहीतरी विसरतात. असं तिने वर्षभर केलं. त्या वर्षात नमुन्याने बऱ्याच गाद्या बदलल्या.

शेवटी दोघं गेले. पहिल्याच चढाला आई टुणटुणीत आणि नमुन्याच्या छातीचा भाता झालेला. पुढे वाट फुटत होती. डावीकडे खडी चढण होती, धबधब्याकडे नेणारी. उजवीकडे सपाट पायवाट होती, आणि झाडांमागून पाण्याचा आवाज येत होता. नमुन्याने उजवीकडे हात दाखवला.

"एवढ्या जवळ होता?" आई पाण्यासमोर उभी राहून म्हणाली.

"तू तयारीच जास्त केलीस, आई."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. नमुन्याने घाईघाईने फोटो काढला. वरची टाकी तेवढी चौकटीबाहेर ठेवली.

तेव्हापासून दुकानात त्याचे डोळे नीट मिटेनात. पाठ टेकली की कानात पाणी पडायला लागायचं. मालक म्हणाला, "अरे, गादी विकायची आहे. तू असा पडतोस की लोक डॉक्टरला फोन करतील."

आणि आता मावशी येणार होती. "हिला आपला धबधबा दाखवू," आईने जाहीर केलं. "माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आत."

नमुना आदल्या दिवशीच जाऊन टाकीवरच्या पंपवाल्याला भेटला. पंपवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मागच्या वेळी मला डुलकी लागली होती, म्हणून वाहिली," तो म्हणाला. "त्यावरून साहेबांनी फार झापलं मला."

"उद्या जरा परत लागू दे ना."

"मुद्दाम डुलकी? बरं, बघतो. तुमच्या आईसाठी."

दुसऱ्या दिवशी तिघं पोचले तेव्हा टाकीखालची काळी भिंत कोरडी ठणठणीत होती. "ताई, हा धबधबा?" मावशीने विचारलं. नमुना जोरात खोकला. तो खोकला म्हणजे इशारा होता. वर गुरगुर झाली आणि पाणी धो धो कोसळलं. मावशीने टाळ्या वाजवल्या. आईने अभिमानाने कमरेवर हात ठेवले. तेवढ्यात झाडांतून पंपवाल्याचं डोकं बाहेर आलं.

"बास का, की अजून सोडू?"

मावशीच्या टाळ्या थांबल्या. पाणी मात्र पडत राहिलं, कारण पंपवाला उत्तराची वाट बघत होता.

"बास," आई म्हणाली.

पाणी थांबलं. आई नमुन्याकडे वळली. "कधीपासून?"

"फोटोपासून." नमुना म्हणाला. "मला वाटलं, तुला दम लागेल."

"मला?"

"मला लागला होता."

मावशी म्हणाली, "अगं ताई, दोन थोबाडीत दे त्याला." पण आईने हातही उचलला नाही. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नमुन्याला वाटलं. तिने फक्त विचारलं, "खरा कुठाय?" आणि त्याने दाखवलेल्या चढणीला लागली.

ती निम्म्यापर्यंत गेली. मग एका दगडावर बसली आणि दोन्ही गुडघे तळव्यांनी झाकून घेतले. वरून खऱ्या धबधब्याचा घुमणारा आवाज येत होता.

"आता नाही रे जमत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तेव्हा जमलं असतं."

"मी पाठीवर घेतो, आई."

"तू आधी स्वतःला वर ने. फोटो काढून आण. खऱ्याचा."

मावशी ताईजवळ बसली. नमुना वर गेला, कधी पायांवर, कधी हातापायांवर. धबधबा एवढा मोठा होता की त्याला सरळ त्याच्याकडे बघवेना. मान खाली घालूनच त्याने फोटो काढला.

घरी त्याने जुना फोटो उतरवायला स्टूल घेतलं. "राहू दे," आई म्हणाली. "त्यात मी आहे, धबधबा नाही. ह्यात धबधबा आहे, मी नाही. लाव शेजारी शेजारी."

त्याने लावले. पाहुणे आता दोन्हींचं कौतुक करतात, आणि जुनाच जास्त आवडला म्हणतात.

ऑपरेशनची तारीख ठरली आहे. नंतर आईला वर नेता येईल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. पण दुकान सुटल्यावर नमुना रोज इमारतीचे जिने चढतो. वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. आई खाली खुर्ची टाकून बसते आणि तो मध्येच थांबला की नुसती वर बघते.

"काय रे, काही विसरलास का?" शेजारी दारातून विचारतात.

"नाही हो," तो धापा टाकत म्हणतो, "काहीच विसरत नाही," आणि पुढचा जिना चढू लागतो.